चिंतूने सांगितलेलं ग्रहण

इंदूर, अक्षय्य तृतीया
५ मे १९५४

चि. सौ. उषा,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच फळीवर टाकशील अशी धास्ती वाटली, म्हणून पत्ता शेजारच्या मंगलाकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच पुढे.

मी बरी आहे. नाना वेडे झालेत, पण तब्येत ठणठणीत आहे. रिटायर झाल्यावर लोक भजनाला जातात, बागेत फिरतात, निदान राजवाड्यासमोर उभे राहून मध्यभारत सरकारला नावं ठेवतात. आमचे हे अंगणात घर बांधतायत. घर म्हणजे चाकांवरचं घर. सुभेदार प्रतापराव आठवतात ना, तुला राखी पौर्णिमेला शेव आणून द्यायचे ते? त्यांनी महूच्या डिस्पोजलमधून लष्कराची जुनी जीप घेतली आणि तिच्यामागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर. त्या ट्रेलरवर नानांनी सागवानी फळ्या ठोकून, पत्र्याचं छप्पर टाकून एक खोली उभी केलीय. दोन बाकं आहेत, रात्री ती पलंग होतात. भिंतीतून फळी खाली पडते, ती टेबल होते. स्टोव्हला कोनाडा आहे आणि मला बसून पोळ्या लाटता येतील एवढी जागा आहे. लांबी-रुंदी दहादा मोजली आणि आपल्या फाटकाची रुंदी मोजायची राहिली. होळकर सरकारचे ओव्हरसिअर, जन्मभर पूल बांधले. काल फाटकाचा एक खांब पाडावा लागला. सगळी गल्ली बघायला जमली होती आणि प्रतापराव म्हणाले, "कोई बात नहीं, नानासाहेब, राजवाड्याचाही दरवाजा असाच पाडला असता आपण."

हे सगळं कशासाठी चाललंय ते तुला सांगायला नको. तुझं लग्न होऊन चिंतूबरोबर तू या घरात आलीस त्या पहिल्याच वर्षी, जेवताना त्याने ताटात लाडू, लिंबाची फोड आणि वाटी मांडून आपल्याला ग्रहण समजावलं होतं. चोपन्न सालच्या जूनअखेरीस जोधपूरच्या बाजूला खग्रास आहे, संध्याकाळी, सूर्य मावळता मावळता. आपण चौघं जाऊ, असं म्हणाला होता. तेव्हा तू विचारलंस की शाळेत आत्तापासून रजेचा अर्ज देऊ का, आणि नाना किती हसले होते. मग विषमज्वराने माझा मुलगा नेला आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

नानांच्या मनात राहिलं होतं हे मला ह्या फळ्या आल्या तेव्हा कळलं.

आणि तू तर आता जोधपूरलाच. देवाला एवढ्या मोठ्या देशात ग्रहण दाखवायला दुसरं गाव मिळालं नाही.

उषा, तुझ्या दुसऱ्या लग्नाला मी आले, पंगतीला बसले, तुझी ओटी भरली. नाना आले नाहीत. तुला आईवडील नाहीत, म्हणून तू स्वतः येऊन त्यांना म्हणालीस की कन्यादानाला तुम्ही बसा. ते नाही म्हणाले आणि लग्नाच्या दिवशी सकाळीच मानपूरला पुलाच्या कामावर निघून गेले. कन्यादान तुझ्या मामांनी केलं. तू वर्षभर पत्रं टाकलीस. ती ते वाचायचे, घडी करून ठेवायचे, उत्तर मात्र नाही. मग तुझीही पत्रं थांबली. तुझं काही चुकलं नाही. पण मला एकच मुलगा होता आणि तो गेल्यावर घरात एकच पोर उरलं होतं. ते पोर नानांचा हट्ट आणि तुझा अबोला अशा दोन दगडांमध्ये अडकून हरवावं हे मला मान्य नाही. म्हणून विचारते. ग्रहणाला आलो तर तुझ्या दारी येऊ का? नानांना या पत्राचं ठाऊक नाही. लवकर लिही.

श्रीकृष्णरावांना आशीर्वाद.

माई

---

इंदूर
२९ मे १९५४

चि. सौ. उषा,

तुझं कार्ड आलं. चारच ओळी, पण आलं. कार्डावर लिहिलंस म्हणजे पोस्टमनपासून मंगलापर्यंत सगळ्यांनी वाचलं असणार, असो. "माई, तुम्ही दोघं या. पण नाना दाराबाहेर उभे राहणार असतील तर नका येऊ. एकदा झालं ते पुरे. पुन्हा सोसायची माझी ताकद नाही." मी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. बरोबर लिहिलंस. मीही हेच लिहिलं असतं, फक्त जरा जास्त तिखट.

परवा घराची ट्रायल घेतली. महूवरून मानपूरपर्यंत गेलो. प्रतापराव जीप चालवतात आणि लढाई अजून संपली नाही असं समजून चालवतात. मी मागे खोलीत बसले होते. घाटाच्या पहिल्या वळणावर पिठाचा डबा माझ्या मांडीवर, दुसऱ्या वळणावर मी पिठाच्या डब्यावर. खाली उतरले तेव्हा मानपूरच्या हॉटेलवाल्याला वाटलं नाटक कंपनी आली. माझ्याकडे बघून विचारतो, खेळ आज आहे की कल? मी म्हटलं, भिया, खेळ सकाळपासून चालू आहे.

तिथे नाना मला पुलावर घेऊन गेले. कठड्यावर बसले. मला म्हणाले, उषाच्या लग्नाच्या दिवशी इथे काम नव्हतंच, सुट्टी होती. मग तुम्ही काय करत होतात असं मी विचारलं. तर म्हणाले, इथे बसलो होतो, मुहूर्त टळेपर्यंत. एवढंच बोलले आणि खाली नदीत खडे टाकायला लागले. मी खोदून विचारलं असतं, पण ह्यांना खोदलं की माणूस आणखी खोल जातो, हे तुलाही माहीत आहे. 

तू याचा अर्थ लावू नकोस. मला अजून लागला नाही. पण तुला कळवायला हवं असं वाटलं.

तुझ्या कार्डाचं मी त्यांना सांगणार आहे. आडून आडून बोलायचा मला कंटाळा आलाय.

माई

---

इंदूर
१८ जून १९५४

चि. सौ. उषा,

सांगितलं. ते खिडकीची फळी तासत होते. मी म्हटलं, उषा जोधपूरला आहे, मी तिला लिहिलं, तिचं उत्तर आलं. घरात येणार असाल तर या म्हणते, दारात उभं राहायचं असेल तर येऊ नका म्हणते. मी चांगली कंबर कसून उभी होते, आता भांडण होणार म्हणून. तर रंधा न थांबवता म्हणाले, "दारात कशाला उभा राहीन? मी काय पोस्टमन आहे?" मी स्वयंपाकघरात जाऊन पदर डोळ्यांना लावला, तुला खोटं कशाला सांगू.

मग अर्ध्या तासाने आत आले आणि विचारतात, तिला अजून गूळ घातलेली आमटीच आवडते का? मी म्हटलं, तिकडे तिला कोण घालणार गूळ. तर म्हणे, मग गूळ घे बरोबर. अडीच शेर घेतलाय. हे ट्रेलर ओढणाऱ्या जीपला सांगू नकोस.

आता ग्रहणाचं. पंचांगात ग्रस्तास्त लिहिलंय. म्हणजे ग्रहण सुटायच्या आधीच सूर्य मावळणार. मग नुसते सकाळपासूनचे वेध पाळून भागत नाही, दुसऱ्या दिवशी सूर्याचं स्वच्छ बिंब बघितल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. नाना म्हणतात, सूर्यासमोर चंद्र आला यात तुझ्या पोटाचा काय संबंध. त्यांचं खरं असेल. पण माझी आई पाळायची, मी पाळते, आणि या वयात सूर्याशी वाकडं कशाला घ्या. शेवटी तेही म्हणाले, ठीक आहे, तुला सोबत म्हणून मीही उपाशी राहीन. हे असं आहे बघ त्यांचं. आभाळातला एक नियम मानणार नाहीत, पण माणसाला सोबत म्हणून उपास करतील.

तू वटपौर्णिमा केलीस का? केली असशील तर चांगलं केलंस, श्रीकृष्णरावांना उदंड आयुष्य मिळो. हे मी मनापासून लिहिते. मला कोणी विचारतं की तुम्हाला वाईट नाही वाटत का, सून दुसऱ्या घरी सुखात आहे त्याचं. मी त्यांना म्हणते, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय.

वाटेसाठी दुधात भिजवून दशम्या केल्यात, लसणाची चटणी, मेतकूट, बेसनाचे लाडू. आम्ही मंगळवारी, २९ तारखेला, तुझ्याकडे पोचू. ग्रहण बुधवारी. तुम्ही दोघं बुधवारी आमच्याबरोबर चला, गावाबाहेर उघड्यावर. तो चौघं म्हणाला होता. आता प्रतापराव धरून पाच होऊ, चालेल त्याला.

माई

---

चित्तोड
२६ जून १९५४

चि. सौ. उषा,

ट्रेलरच्या टेबलावर लिहिते आहे. नानांचं टेबल एका बाजूला कलतं, त्यामुळे दौत मांडीवर धरली आहे. जावरा, मंदसौर, नीमच, सगळीकडे थांबलो. प्रत्येक गावात आम्ही कोण यावर वाद. मंदसौरला देवी टोचायची गाडी आली म्हणून आयांनी पोरं घरात कोंडली. नीमचजवळ एका म्हाताऱ्याने ट्रेलरला नमस्कार करून आत कुठला देव आहे म्हणून विचारलं. प्रतापराव म्हणाले, "देवी आहे, पण जरा गरम आहे." आतून मी ऐकत होते. त्यांना त्या दिवशी लाडू मिळाला नाही.

नाना खूष आहेत. रात्री ट्रेलरबाहेर खाट टाकून झोपतात आणि आभाळात चिंतूने दाखवलेलं काय काय शोधतात. सापडलं की मला उठवतात. मी दर वेळेला "हो, दिसलं" म्हणते. अगं, चष्म्याशिवाय मला ट्रेलर दिसत नाही, तारा कुठला दिसायला.

पण एक सांगते. जसं जोधपूर जवळ येतंय तसे ते गप्प होत चाललेत. काल दाढी करताना मला विचारलं, तिच्या दारी काय बोलायचं असतं? मी म्हटलं, कशी आहेस विचारायचं आणि आत जाऊन बसायचं, त्यात काय आहे. तर म्हणाले, आत्तापर्यंत असा प्रसंग आला नाही ना कधी. मला वाटलं, लाजतायत. मी म्हटलं, मी असेन बरोबर, मी बोलेन. इथेच फसले बघ मी, असं नंतर वाटू नये म्हणजे मिळवली.

तुझ्याकडे आधी हे पत्र पोचेल की मी, कोण जाणे. पोचलंच तर पोहे कर. इंदूर सोडल्यापासून धड पोहे नाहीत पोटात.

माई

---

जोधपूरच्या पुढे, वाळूत
१ जुलै १९५४, पहाटे

उषा, बाळ,

हे पत्र श्रीकृष्णरावांच्या हाती देते आहे. ते सकाळच्या पहिल्या लॉरीने परततील, त्यांना ड्यूटीवर हजर व्हायचंय. आमच्या ट्रेलरचं एक चाक वाळूत रुतलंय आणि स्प्रिंग तुटलीय, गावातून माणसं बोलावलीत, म्हणून आम्ही दुपारनंतर येऊ. तोवर थांबणं मला शक्य नाही. तू अख्खा एक दिवस आणि दोन रात्री चुकीचं समजून काढल्यास, त्यात आणखी एक घटकाही वाढू देणार नाही. म्हणून सूर्य उगवायच्या आधी कंदिलाशी लिहायला बसले.

मंगळवारी काय झालं ते तुझ्यासमोरच झालं. नाना तुझ्या घरात आले, खुर्चीवर बसले, तुला कशी आहेस विचारलं. तू किती आनंदाने आत गेलीस. पोहे, वर ओलं खोबरं, तांब्याभांडं, सगळं घेऊन आलीस. आणि ह्या गृहस्थांनी हात जोडले आणि म्हणाले, "नको. आम्हाला इथलं काही घेता येणार नाही. पाणीसुद्धा नको." तुझा चेहरा मी बघितला. वेध तर बुधवारी सकाळपासून लागणार होते, मंगळवारी कसलंच कारण नव्हतं. दुसऱ्या घरी गेलेल्या सुनेच्या हातचं पाणी चालत नाही असंच तुला वाटलं, आणि मलाही तसंच वाटलं. तू ताट उचलून आत गेलीस आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंस. मी दाराबाहेरून हाक मारली ती तू ऐकलीस, मला माहीत आहे. शेवटी श्रीकृष्णरावांनी माझ्यापुढे ठेवलेले पोहे मी रागारागाने खाल्ले, दोन बश्या. एकाने तरी खायला हवं म्हणून.

मी नानांशी बोलणं टाकलं. काल सकाळी निघताना तू येत नाहीस असं श्रीकृष्णराव म्हणाले तेव्हा मला नवल वाटलं नाही. ते एकटे आमच्याबरोबर आले, हेच मला पुष्कळ वाटलं. माझी सगळी वाट उपाशीपोटी आणि मुक्याने झाली. प्रतापरावांनीसुद्धा शीळ घातली नाही.

आता ग्रहण सांगते, कारण ते तुझंही होतं.

आम्ही एका टेकाडावर चढलो. पश्चिमेला सगळं उघडं, पण क्षितिजावर धूळ उठलेली, तांबूस. नाना अस्वस्थ होते, एवढं करून धुळीत जाणार म्हणून. काळी काच सगळ्यांनी फिरवून फिरवून बघितली. सूर्य खाली येत होता आणि त्याचा लचका मोठा होत होता. खालच्या ढाणीतल्या, म्हणजे झोपड्यांच्या वस्तीतल्या, बायका ताटल्या वाजवायला लागल्या. उंट बसले. मग सावली आली. बाळ, मला शास्त्र कळत नाही, पण पश्चिमेकडून आभाळाचा रंग कोणीतरी पुसत आणल्यासारखा आला आमच्या अंगावर, आणि सूर्याच्या जागी काळी तबकडी राहिली, भोवती पांढरं तेज. धुळीतूनसुद्धा स्वच्छ दिसलं. वर शुक्र लखलखीत. मला चष्म्याने शुक्र दिसला, पहिल्यांदा खरोखर दिसला.

नाना टोपी काढून उभे होते. मोठ्याने म्हणाले, "चिंतू, आलो रे आम्ही." आणि रडले. पाच वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. तो गेला त्या दिवशीही नाही. मी बोलणं टाकलेलं विसरून त्यांचा हात धरला. लगेच खालच्या कडेने एक थेंब उजेड फुटला आणि थोड्याच वेळात उरलेला कोरीसारखा सूर्य तसाच धुळीत बुडाला.

अंधार पडताना श्रीकृष्णराव आमच्याजवळ येऊन बसले. भला माणूस आहे गं. खाली बघून म्हणाले, "उषाला यायचंच होतं. चिंतामणरावांनी सांगितलेलं ग्रहण आहे, मी जाणार म्हणत होती. मीच नको म्हटलं. तिला तिसरा महिना आहे. माझा विश्वास नाही या गोष्टींवर, पण धीर झाला नाही." चिंतूचं नाव तुझ्या नवऱ्याने किती आदराने घेतलं ते मी जन्मभर विसरणार नाही. आणि मी गल्लीतली एवढी बाळंतपणं केलेली बाई, तुझा उतरलेला चेहरा समोर असून मला कळलं नाही! रागाने माणूस आंधळं होतं.

मग मात्र मी नानांवर उलटले. श्रीकृष्णरावांसमोर, प्रतापरावांसमोर. म्हटलं, पोरीला दिवस गेलेत आणि तुम्ही तिच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा नाकारलात, तिला दार लावून रडायला लावलंत, कशाचा एवढा सोवळेपणा तुमचा?

नाना माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "सोवळं कसलं? लेकीच्या घरी तिला मूल होईपर्यंत कोणी जेवतं का? तुझे वडील आपल्याकडे पाणी प्यायले होते का, चिंतू होईपर्यंत?"

उषा, खरंच की. माझे वडील चिंतूच्या जन्माआधी दोनदा इंदूरला आले, दोन्ही वेळा धर्मशाळेत जेवले. आम्हा लोकांत ही रीतच आहे. माझ्या डोक्यात ती आलीच नाही, कारण मी तुला सूनच धरून बसले होते. आणि हा माणूस कधी बाप झाला ते मला कळलंसुद्धा नाही. मी तुझ्याकडे दोन बश्या पोहे हाणले, म्हणजे मी सासूच राहिले आणि हे आपले बाप होऊन बसले! प्रतापराव इतके हसले की खाटेवरून खाली आले.

मी म्हटलं, अहो, मग हे तिला सांगायचं नाही का? तर म्हणे, त्यात सांगायचं काय, कोणालाही कळेल. आणि कन्यादानाचं काय, विचारलं मी, तेव्हा बाप नव्हतात? तेव्हा वाळूत रेघा ओढत बसले. मग जे बोलले ते तेच लिहितील, मी पेन त्यांच्या हातात देणार आहे. मी त्यांना म्हटलंय, चार ओळी लिहिल्याशिवाय सूर्य उगवला तरी तुम्हाला दशमी मिळणार नाही.

तू मात्र रडू नकोस आता. या दिवसांत रडायचं नसतं. आम्ही आलो की नानांसमोर ताट ठेवू नकोस, पाणीही नको. माझ्यासाठी ठेव. मी एकदा खाल्लंच आहे, आता नियम मोडायला काही उरलं नाही.

तुझी
माई

चि. उषास,

माईने लिहिले आहे ते बरोबर आहे. मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

दान केले की मुलगी परकी होते असे म्हणतात. चिंतू गेल्यावर तू एकटीच होतीस आणि मला तुला परकी करायचे नव्हते. लग्न व्हावे असे मनापासून वाटत होते. हातावर पाणी सोडायचे धैर्य झाले नाही. म्हणून मानपूरला जाऊन बसलो. हे तुला तेव्हाच सांगायला हवे होते.

पहिले बाळंतपण माहेरी करतात. सातव्या महिन्यात तुला इंदूरला न्यायला येतो. ट्रेलरने नाही, रेल्वेने. श्रीकृष्णरावांना रात्रीच विचारले, त्यांची संमती आहे. चिंतूची खोली उजेडाची आहे, ती तुला घ्यावी. त्याची पुस्तके तिथेच राहू द्यायची की हलवायची, ते तू ठरव.

बाळाला घेऊन जोधपूरला परत आलीस की मी तुझ्या घरी पानावर बसेन आणि मागून मागून वाढून घेईन. तोवर मला पाणीसुद्धा विचारू नकोस, बेटा.

नाना